बी.फार्म. असताना अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन व्हायचं असेल तर: आधी कोर्स की आधी नोकरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची बी.फार्म., भारतात औषध कंपनीत काही वर्षं क्यूसीचं (गुणवत्ता तपासणीचं) काम, मग लग्न, मुलगी, आणि आता टेक्सासमध्ये डॅलसजवळ मुक्काम. ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नुकतंच हातात आलंय. जवळच्या एका खासगी संस्थेनं नऊ महिन्यांचा फार्मसी टेक्निशियन कोर्स सुचवलाय, फी काही हजार डॉलर. तो करावा का, आणि त्या वाटेनं पुढे फार्मासिस्ट होता येईल का?

मी अमेरिकेत आधी एका चेन फार्मसीत काम केलं, आता हॉस्पिटलच्या फार्मसीत टेक्निशियन आहे. नव्या ट्रेनींना शिकवायचं कामही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात येतं, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न मी बऱ्याच जणींकडून ऐकलाय. यात खरं तर दोन प्रश्न गुंतलेत आणि तुमचा निर्णय दुसऱ्यावर अडलाय, म्हणून आधी तोच घेते.

टेक्निशियन हा फार्मासिस्ट होण्याचा अर्धा जिना नाही. टेक्निशियन म्हणून कितीही वर्षं काढली, कितीही सर्टिफिकेटं भिंतीवर लावली, तरी त्यातून फार्मासिस्टचं लायसन्स मिळत नाही. परदेशात शिकलेल्या फार्मासिस्टांसाठी राज्यांच्या फार्मसी बोर्डांच्या एनएबीपी या संस्थेचा एफपीजीईसी नावाचा वेगळा रस्ता आहे. कागदपत्रांची छाननी, एफपीजीईई ही परीक्षा, टोफेल, मग इंटर्नशिपचे तास आणि शेवटी लायसन्ससाठीची नॅपलेक्स व कायद्याची परीक्षा, असा तो क्रम. पण त्याच्या दारातच एक अट आहे: १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतली असेल तर अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी.फार्म. चार वर्षांची. भारतातली सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते, तुमची २०१४ ची पदवी बसत नाही. म्हणजे फार्मासिस्टच व्हायचं असेल तर इथल्या कॉलेजात फार्म.डी. करावी लागेल: आधी ठरावीक विषयांचे क्रेडिट्स, त्यानंतर साधारण चार वर्षं. तिथे प्रवेश घेताना टेक्निशियनच्या कामाचा अनुभव नक्की उपयोगी पडतो. फार्मसी आतून कशी चालते हे कळतं, शिफारसपत्र देणारा माणूस मिळतो. पण तो उपयोग तेवढाच.

हे आधी सांगायचं कारण असं, की मनात फार्मासिस्ट धरून टेक्निशियनचं काम करणाऱ्या बी.फार्म. मुली मी पाहिल्यात. काउंटरवर उभ्या राहून त्या रोज स्वतःलाच कमी लेखत असतात, आणि मग कामही नीट होत नाही. टेक्निशियनचं काम म्हणून ते आवडणार असेल तरच या वाटेला या. आवडण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, ते पुढे सांगते.

आता काम काय असतं ते. प्रिस्क्रिप्शन आलं की ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, पेशंटची माहिती आणि इन्शुरन्स जुळवायचा, क्लेम पाठवायचा, शेल्फवरून बाटली काढून तिचा एनडीसी कोड (औषधाचा ओळख क्रमांक) स्कॅन करायचा, गोळ्या पाचापाचाने मोजायच्या, लेबल लावायचं आणि फार्मासिस्टच्या पुढ्यात ठेवायचं. शेवटची तपासणी त्याची किंवा तिची. मग औषध पिशवीत आणि पिशवी पेशंटच्या हातात. ऐकायला सोपं वाटतं. मधला फोन, ड्राइव्ह-थ्रूची गाडी, लसीसाठी खुर्चीत बसलेला माणूस आणि ‘माझं औषध तासापूर्वी तयार व्हायला हवं होतं’ म्हणणारे आजोबा हे सगळं एकाच वेळी धरा, म्हणजे चित्र पुरं होईल.

तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल ते आधीच सांगते: गप्प बसणं. रक्त गोठू न देणाऱ्या वॉर्फरिनवर असलेली बाई विचारते, ‘गुडघा दुखतोय, आयबुप्रोफेन घेऊ का?’ उत्तर तुम्हाला कॉलेजपासून पाठ आहे. तरी ते तुम्ही द्यायचं नाही. आयबुप्रोफेन कुठल्या रांगेत ठेवलंय आणि त्याची किंमत काय, एवढं सांगता येतं. घ्यावं की नाही, किती, कशासोबत, हे सगळं सल्ला देणं झालं, आणि तो फार्मासिस्टचा अधिकार. १९९० च्या ओबरा कायद्यानं मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याच्या) पेशंटांना औषधाबद्दल समजावून सांगण्याची तयारी दाखवणं फार्मसीला बंधनकारक केलं, आणि राज्यांनी ते बहुतेक सगळ्या पेशंटांना लागू केलं. ‘फार्मासिस्टला काही विचारायचंय का?’ हे आपण विचारायचं. समजावणार ते.

हे केवळ कायद्याचं भय म्हणून सांगत नाही. पेशंटनं तुम्हाला एक वाक्य सांगितलेलं असतं. फार्मासिस्टसमोर तिची सगळी औषधं, ॲलर्जी, मागच्या महिन्यात बदललेला डोस असं पूर्ण पान उघडं असतं. आपण एका वाक्यावर उत्तर दिलं तर ते बरोबर निघालं तरी नशिबानं निघालेलं असतं.

मग बी.फार्म. वाया गेली का? मुळीच नाही. रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल घेणाऱ्या पेशंटचं दुसऱ्या डॉक्टरकडून बेनाझेप्रिल आलं, की दोन्ही एकाच वर्गातली आहेत हे तुमच्या डोळ्यांना चटकन दिसेल. सॉफ्टवेअर इशारा देतंच, पण दिवसभरात इतके इशारे येतात की ते नजरेआड होतात. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि प्रिस्क्रिप्शनवर ‘रोज एक’ लिहून आलंय, हे पाहून तुमचा हात थबकला पाहिजे. तुमचं ज्ञान पेशंटकडे जायचं नाही, ते फार्मासिस्टकडे जायचं: ‘हे एकदा बघाल का?’ असं नेमक्या जागी म्हणणारी टेक्निशियन कुठल्याही फार्मासिस्टला हवी असते.

आता शिक्षणाकडे येऊ. इथे सगळं राज्यावर अवलंबून आहे, त्यामुळे तुम्ही लिहिलेला न्यू जर्सीतल्या मावसबहिणीचा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. टेक्निशियनची नोंदणी किंवा लायसन्स राज्याचं फार्मसी बोर्ड देतं, आणि प्रत्येकाचे नियम निराळे. कॅलिफोर्नियात टेक्निशियन म्हणून काम करायच्या आधी लायसन्स लागतं. राष्ट्रीय सर्टिफिकेशन हा ते मिळवायचा एक मार्ग आहे, मान्य अभ्यासक्रम हा दुसरा. वॉशिंग्टन राज्यात मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा दोन्ही लागतात. टेक्सासमध्ये मात्र तुमच्या सोयीची गोष्ट आहे. तिथे ‘टेक्निशियन ट्रेनी’ म्हणून नोंदणी करून लगेच काम सुरू करता येतं. ती नोंदणी दोन वर्षांची असते, आणि त्या मुदतीत सर्टिफिकेशनची परीक्षा पास होऊन पक्की टेक्निशियन नोंदणी घ्यायची असते.

म्हणून कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टेक्सासमध्ये राहून, बी.फार्म. गाठीशी असताना, नोकरीच्या आधी हजारो डॉलर भरून कोर्स करू नका. सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या मोठ्या साखळ्या ट्रेनींना नोकरीवर घेऊन स्वतःच शिकवतात, आणि त्यांचे प्रशिक्षण कार्यक्रम पीटीसीबी या टेक्निशियनची राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या संस्थेने परीक्षेसाठी मान्य केलेले आहेत. शिकताना पगार मिळतो. शिवाय, हे काम आपल्याला झेपतं का, आवडतं का, हे दोन महिन्यांत कळतं. नऊ महिन्यांचा कोर्स संपवून पहिल्याच आठवड्यात ‘हे माझ्यासाठी नाही’ असं वाटलं, तर ते फार महागात पडतं.

याला अपवाद आहेत. पुढे-मागे नवऱ्याची नोकरी बदलून प्रशिक्षणाची सक्ती असलेल्या राज्यात जायची शक्यता असेल तर कोर्सचा विचार करा. बोलण्यातली इंग्रजी अजून अडखळत असेल आणि अनोळखी लोकांशी फोनवर बोलायची धास्ती असेल, तरीही वर्गाचा उपयोग होतो. पण मग कम्युनिटी कॉलेज बघा. एएसएचपी-एसीपीई या फार्मसी संस्थांची मान्यता आहे का, एक्स्टर्नशिप (प्रत्यक्ष कामाचा सराव) खऱ्या फार्मसीत मिळते का की तुमची तुम्ही शोधायची, आणि परीक्षेची फी कोर्समध्ये धरलीय का, हे विचारा. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर तिथून उठून या.

परीक्षा दोन आहेत. पीटीसीबीची पीटीसीई आणि एनएचए या दुसऱ्या संस्थेची एक्ससीपीटी. टेक्सास दोन्ही मानतं. मी पीटीसीई सुचवते, कारण हॉस्पिटलच्या जाहिरातींत तिचंच नाव जास्त दिसतं. पीटीसीबी १९९५ पासून आहे. परीक्षेत ९० बहुपर्यायी प्रश्न, त्यातले ८० गुणांसाठी आणि १० चाचणीचे. ते कुठले हे सांगत नाहीत. वेळ १ तास ५० मिनिटं. गुण १००० ते १६०० या मोजपट्टीवर देतात, १४०० ला पास. फी १२९ डॉलर. परीक्षेला बसायला मान्य प्रशिक्षण कार्यक्रम किंवा टेक्निशियन म्हणून किमान ५०० तासांचं काम लागतं. पास झालात की नावापुढे सीपीएचटी (सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन) लागतं. दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी २० तासांचं शिक्षण दाखवायचं, त्यात एक तास कायद्याचा आणि एक पेशंटच्या सुरक्षिततेचा हवाच.

औषधांचा भाग सर्वात मोठा असतो, आणि तिथे तुम्ही निम्मी लढाई जिंकूनच आलात. पण उरलेली निम्मी लढाई नावांची. पॅरासिटामॉल इथे अॅसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन एपिनेफ्रिन, ग्लिबेनक्लामाइड ग्लायब्युराइड, पेथिडीन मेपेरिडीन, रिफाम्पिसिन रिफाम्पिन. ब्रँड तर सगळेच नवे. सर्वाधिक खपणारी दोनशे औषधं, त्यांचा ब्रँड, जेनेरिक आणि वर्ग अशी पत्त्यांसारखी कार्डं करून पाठ करा, दुसरा इलाज नाही. वजन पौंडांत येतं आणि डोस किलोवर असतो, म्हणून २.२ नं भागायची सवय लावा. तारीख आधी महिना, मग दिवस. ०३/०७ म्हणजे सात मार्च. मुदत संपायची तारीख बघताना पहिल्या महिन्यात आपल्या सगळ्यांचा इथे घोळ होतो.

कायद्याचा भाग तुम्हाला पूर्ण कोरा आहे. १९७० च्या कंट्रोल्ड सब्स्टन्सेस ॲक्टनं नशा किंवा व्यसन लावू शकणाऱ्या औषधांचे पाच शेड्युल, म्हणजे वर्ग, केले. शेड्युल दोनला रिफिल नाही. तीन आणि चारला सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच. शेड्युल दोनची ऑर्डर डीईएच्या (अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) २२२ फॉर्मवर किंवा त्याच्या इलेक्ट्रॉनिक रूपात जाते, चोरी झाली किंवा मोठा माल हरवला तर १०६ फॉर्म. सर्दीचं स्यूडोएफेड्रिन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, पण काउंटरच्या मागून, ओळखपत्र बघून, नोंद करून, दिवसाला ३.६ ग्रॅमची मर्यादा. डॉक्टरचा डीईए नंबर खरा आहे का हे पडताळायची एक युक्तीही विचारतात. समजा एबी १२३४५६३. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळवा: १+३+५ म्हणजे ९. दुसरा, चौथा, सहावा मिळवून दुप्पट करा: १२ दुणे २४. बेरीज ३३, तिचा शेवटचा आकडा ३, आणि नंबरचा सातवा आकडाही ३. जुळलं. हे मुलांना शिकवताना मला फार मजा येते, कारण लगेच सगळे भिंतीवरच्या प्रिस्क्रिप्शनचे नंबर तपासायला धावतात.

आता त्या विषयावर येते ज्याबद्दल भारतातल्या अभ्यासक्रमात एक ओळ नसते आणि इथे दिवसाचा मोठा भाग तोच खातो: इन्शुरन्स. पेशंटच्या कार्डावर बिन, पीसीएन (क्लेम कुठे पाठवायचा ते सांगणारे नंबर), ग्रुप आणि मेंबर आयडी असतो. क्लेम पाठवला की काही सेकंदांत उत्तर येतं, आणि ते नाकारलेलं असेल तर कोडसह येतं. ७५ म्हणजे प्रायर ऑथरायझेशन हवं, म्हणजे डॉक्टरनं इन्शुरन्सला कारण पटवून द्यायचं. ७९ म्हणजे रिफिलला अजून वेळ आहे. ७६ म्हणजे प्लॅनची मर्यादा ओलांडली. कोड वाचता येणं एका आठवड्यात जमतं. तो पेशंटला सांगता येणं ही खरी कला. ‘तुमचं इन्शुरन्स नाही म्हणतंय’ असं म्हटलं की समोरचा माणूस चिडतो, आणि चिडतो तो तुमच्यावर. ‘औषधाला मंजुरी लागतेय, डॉक्टरांकडे विनंती आत्ताच पाठवली, मंजुरी आली की तुम्हाला मेसेज येईल’ असं म्हटलं की तोच माणूस थँक्यू म्हणून जातो. हातात काय नाही यापेक्षा पुढचं पाऊल काय पडलं हे आधी सांगायचं.

बऱ्याच नकारांचं मूळ ‘डेज सप्लाय’ चुकण्यात असतं, म्हणजे दिलेलं औषध किती दिवस पुरेल तो आकडा. गोळ्यांना तो सरळ. इन्शुलिनला नाही. समजा ग्लार्जिन इन्शुलिनच्या (ब्रँड लँटस) पाच पेनांचा डबा आहे, प्रत्येक पेनात ३ मिली, १०० युनिट प्रति मिली, म्हणजे पेनात ३०० युनिट. पेशंट रोज ८ युनिट घेतो आणि दर वेळी सुई तपासायला २ युनिट वाया जातात. नुसता भागाकार केला तर एक पेन ३० दिवस. पण वापरायला काढलेलं लँटसचं पेन २८ दिवसांनी टाकून द्यायचं असतं. म्हणून पाच पेनांचे १४० दिवस, १५० नाही. आता प्लॅन ९० दिवसांपुरतंच औषध देत असेल तर हा डबा अडकतो, आणि डबा फोडता येतो का हे फार्मासिस्टला विचारावं लागतं. तुमच्या क्यूसीच्या गणितापुढे हे काहीच नाही, फक्त प्रत्येक औषधाचा असा एक छुपा नियम असतो आणि तो लेबलवर नाही तर पत्रकात लिहिलेला असतो.

तीच गोष्ट मुलांच्या अमॉक्सिसिलिनची. ४०० मिलिग्रॅम प्रति ५ मिली, ६ मिली दिवसातून दोनदा, दहा दिवस: १२० मिली हवं. बाटल्या ५०, ७५ आणि १०० मिलीच्या येतात, म्हणून ५० आणि ७५ ची जोडी द्यायची. ७५ च्या बाटलीत ७५ मिली पाणी घालायचं नसतं, पावडरही जागा व्यापते. किती घालायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पाणी दोन हप्त्यांत, मध्ये हलवून. आणि आईला विचारायचं की घरी मोजायची सिरिंज आहे का. नसेल तर द्यायची. चहाच्या चमच्यानं ५ मिली मोजलं जातं असं बऱ्याच जणींना वाटतं. चमचे निरनिराळ्या मापाचे असतात.

हॉस्पिटलचं काम वेगळ्या चालीचं. तिथे पेशंट क्वचित समोर येतो. वॉर्डांतली पिक्सिस किंवा ऑम्निसेलची औषधांची यांत्रिक कपाटं भरायची, क्रॅश कार्टचे (जिवावर बेतल्यावर लागणाऱ्या औषधांच्या गाडीचे) ट्रे लावून मुदती तपासायच्या, औषधं वॉर्डात पोचवायची. काही ठिकाणी टेक्निशियन इमर्जन्सीत जाऊन पेशंट घरी कुठली औषधं घेतो याची यादी करते. माझं सगळ्यात आवडतं काम हे, आणि परदेशी बी.फार्म. वाल्यांना ते फार छान जमतं, कारण पेशंट ‘ती पांढरी, बीपीची छोटी गोळी’ म्हणाला की चार शक्यता डोक्यात तयार असतात. तरी अंदाज लिहायचा नाही. त्याच्या फार्मसीला फोन करून खात्री करायची.

आणि मग आयव्ही रूम, म्हणजे शिरेतून द्यायची औषधं निर्जंतुक तयार करायची खोली. इथे थोडी थांबते, कारण या पेशाचं वजन नीट कळायचं असेल तर ते इथेच कळतं. २००६ मध्ये ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या दोन वर्षांच्या एमिली जेरीला केमोथेरपीचं जे द्रावण दिलं गेलं, ते टेक्निशियननं ०.९ टक्क्याच्या सलाइनऐवजी २३.४ टक्के सोडियम क्लोराइडमध्ये बनवलं होतं. म्हणजे मीठ सव्वीसपट. फार्मासिस्टच्या तपासणीतूनही ते सुटलं. ती मुलगी गेली. फार्मासिस्टला तुरुंगवास झाला. त्या वेळी ओहायोत टेक्निशियनसाठी प्रशिक्षणाची किंवा नोंदणीची सक्तीच नव्हती. २००९ च्या ‘एमिलीज लॉ’नं परीक्षेची आणि पार्श्वभूमी तपासणीची अट आली. ट्रेनी जेव्हा मला विचारतात की ‘गोळ्या मोजायला परीक्षा कशाला?’, तेव्हा मी हे सांगते आणि पुढे काही बोलत नाही.

आयव्ही रूमचे नियम यूएसपी या औषधांच्या मानकग्रंथाच्या ७९७ व्या प्रकरणात आहेत, घातक औषधांचे ८०० व्या. ७९७ ची सुधारित आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. दागिने, नेलपॉलिश, मेकअप काही चालत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, नथ सगळं घरी किंवा लॉकरमध्ये. हे आधीच सांगते, कारण एकीनं ट्रेनिंगच्या दिवशी त्यावरून नकार दिला होता आणि दोन्ही बाजूंना अवघड झालं. कोपरापर्यंत हात ३० सेकंद धुवायचे, ठरलेल्या क्रमानं गाऊन-ग्लोव्हज घालायचे, हूडमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या कामाच्या कपाटात) काम करताना कडेपासून किमान सहा इंच आत, आणि फिल्टरमधून येणारी स्वच्छ हवा व सुई टोचायची जागा यांच्या मध्ये स्वतःचा हात येऊ द्यायचा नाही. दर सहा महिन्यांनी ग्लोव्हजच्या बोटांचे ठसे प्लेटवर घेतात आणि मीडिया फिल चाचणी (औषधाऐवजी जंतू वाढवणारं द्रव भरून, काम निर्जंतुक होतं का ते बघणारी) होते. तुम्ही क्यूसीत होतात, ‘जे लिहिलं नाही ते झालंच नाही’ हा संस्कार तुमच्यावर झालेला आहे. नव्या मुलांना तो अंगवळणी पडायला वर्ष जातं. हॉस्पिटलच्या मुलाखतीत बी.फार्म. पेक्षा ही क्यूसी मोठ्यानं सांगा: लॉग बुक, डेव्हिएशन, बॅच रेकॉर्ड, जे केलं असेल ते.

पगाराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये टेक्निशियनचा मध्यम वार्षिक पगार ४०,३०० डॉलर होता, तासाला सुमारे १९. अर्ध्यांना याहून कमी, आणि ट्रेनीला तर सुरुवातीला कमीच. हॉस्पिटलात सहसा दुकानापेक्षा थोडं बरं मिळतं, पण तिथे रात्रपाळी आणि सुट्टीच्या दिवसांची पाळी वाट्याला येते. दुकानात तास कमी-जास्त होतात. गर्दी ओसरली की वेळापत्रकातून तुमचे तास कापले जातात. मुलगी लहान आहे, तेव्हा डेकेअरचा खर्च शेजारी मांडून बघा. काही महिने हाती फारसं उरणार नाही, हे गृहीत धरून उतरा. पाय दुखतात तेही धरा. आठ-दहा तास उभं राहायचं असतं. बुटांवर पैसे खर्च करा, तिथे काटकसर नको.

व्हिसाचं एक: ईएडी आहे तोवर काम करता येईल. या नोकरीला पदवीची अट नसते, म्हणून तिच्या जोरावर एच-१बी मिळेल अशी आशा धरू नका. ईएडीची मुदत आणि नूतनीकरण याकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा.

थोडक्यात, तुमच्या जागी मी असते तर असा क्रम लावला असता. टेक्सास बोर्डाकडे ट्रेनी नोंदणीचा अर्ज, जोडीला चेन फार्मसीत नोकरीचे अर्ज. वर्षभर दुकानात काम. तेवढ्यात इन्शुरन्स, ब्रँडची नावं आणि इथल्या माणसांशी बोलणं हातात येतं. मधल्या काळात पीटीसीई. मग हॉस्पिटलकडे. तिथे गेल्यावर, घरची घडी बसली असेल आणि फार्मासिस्ट व्हायची इच्छा तेव्हाही तेवढीच असेल, तर फार्म.डी. चा विचार, तेव्हा तो आतून माहिती असलेला विचार असेल.

‘आता ३३ व्या वर्षी १८ वर्षांच्या मुलांबरोबर ट्रेनी म्हणून उभं राहायचं का’ असंही तुम्ही लिहिलंय. राहायचं. ती मुलं ड्राइव्ह-थ्रूवर तुमच्यापेक्षा चपळ असतील आणि तुम्हाला सॉफ्टवेअरच्या खाचाखोचा शिकवतील. बाराच्या सुमारास रांग दारापर्यंत गेली की गोंधळून न जाणारं कोणीतरी लागतं, तिथे तुमचं वय कामी येतं. सुरुवातीला सिनियर टेक्निशियनकडून ‘तू हे चुकीच्या बास्केटमध्ये ठेवलंस’ असं ऐकावं लागेल, ती विशीची असली तरी. तिच्याशी पदवीवरून बोलू नका. कोणी विचारलं तर सांगा, नाहीतर नको.

अर्जाच्या आधी घरून दोन कागद मागवून घ्या: बारावीचं प्रमाणपत्र आणि पदवीचं. परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन बऱ्याचदा मागतात, आणि त्याला वेळ लागतो. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही काढून ठेवा. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी होईलच. बोर्ड, पीटीसीबी आणि नोकरी या तिन्ही अर्जांत नाव अक्षर न अक्षर सारखं लिहा, कारण परीक्षेच्या केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.